आधी गोळी दाखवा

साखर कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाला शुगर व्हावी यात काही विनोद आहे, हे मला आमच्या डॉक्टरांच्या तोंडाकडं बघून कळलं. रिपोर्ट वाचता वाचता त्यांनी विचारलं, "नोकरी कुठं?"

"कारखान्यावर. शेतकी खात्यात."

"म्हणजे ऊस."

"ऊसच."

त्यावर त्यांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला, तो बराच वेळ खाली आला नाही.

गोळी सुरू झाली आणि तिच्या मागोमाग सल्ले. आपल्याकडं कुणाला शुगर निघाली की अख्खी आळी डॉक्टर होते. कुणी मेथीचे दाणे सांगितले, कुणी लाकडी पेल्यातलं पाणी, कुणी जांभळाच्या बियांची पूड. मी कुणाचं मन मोडलं नाही. जांभळाच्या बियांची पूड तर मी अगदी निष्ठेनं खात होतो. पुढं एकदा पुण्याचे पाहुणे आले, बायकोनं त्यांना कॉफी दिली, आणि पहिल्या घोटाला त्यांची तोंडं बघून लक्षात आलं की दोन बरण्यांची अदलाबदल झाली होती. इतके दिवस मी दोन्ही वेळा चमचाभर कॉफी खात होतो. तरीच झोप येत नव्हती.

अशा अवस्थेत ऊसनोंदीला वडगाव रासाईला गेलो आणि आप्पा भेटले.

बांधावर मोजणी झाल्यावर आम्ही चार माणसं फाट्यावरच्या टपरीवर चहाला थांबलो होतो. शेजारच्या बाकावर एक उंच म्हातारा कमरेत वाकून बसला होता. बराच वेळ माझ्याकडं बघत होता. मग म्हणाला, "भाऊसाहेब, शुगर हाय जनू तुम्हाला."

"कशावरून?"

"चहा बिनसाखरेचा सांगितला आन् संगं क्रीमची बिस्किटं घेतली. हे शुगरवालाच करतो."

मी बिस्किटाचा पुडा खिशात घातला. तो म्हणाला, "सकाळी या नदीकडं. येताना गोळी घिऊन या."

मला वाटलं, म्हातारा गोळी विसरला असेल आणि माझ्यातली मागतोय.

आप्पांचं रान भीमेच्या काठाला होतं. बहुतेक ऊस, आणि घराला लागून कारल्याचा मांडव. आप्पा चांगले सहा फुटी गडी, पण मांडव त्यांच्या खांद्याला लागायचा. त्याखाली ते कायम वाकून वावरायचे, आणि ती सवय अंगात इतकी भिनली होती की मोकळ्या डांबरी रस्त्यावरसुद्धा ते डोक्यावर वेल असल्यासारखे चालायचे. मी म्हणालो, "आप्पा, मांडव जरा उंच का नाही केला?"

"अक्काच्या हाताला पुरंल इतका घातला व्हता."

अक्का म्हणजे त्यांची बायको. ती जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. बांबू कुजले की आप्पा नवे घालायचे, तारा बदलायचे. उंची तीच ठेवायचे.

सकाळी घरापुढच्या ओट्यावर आमचा कट्टा भरायचा. निवृत्त झालेले एक मास्तर, सोसायटीचे एक माजी चेअरमन, शेजारच्या गुऱ्हाळाचा मालक बबनराव, आणि रोज कामावर जाताना वाट वाकडी करून येणारा मी. सगळे शुगरवाले. त्यात बबनरावाची दशा माझ्याहून वाईट. मी साखरेच्या कागदांत बसायचो, तो गुळाच्या काहिलीवर उभा असायचा. "दारूच्या दुकानदारानं माळ घातल्यासारखं माझं हाय," म्हणायचा.

सरळ, हिरवीगार कारली क्रेटात भरून मार्केटला जायची. वाकडी राहिली की ती कट्ट्याची. "वाकड्या मानसास्नी वाकडी कारली," आप्पा म्हणायचे आणि चेअरमनकडं बघायचे. कारली पाट्यावर वाटायची, अक्काच्या जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यातून पिळायची, आणि स्टीलच्या पेल्यात अर्ध्याला कमीच ओतायची. मीठ नाही, लिंबू नाही. मिक्सरचं नाव काढलं तर "मिक्सरनं कडूपना पळतो" असं शास्त्र सांगायचे. मास्तरांनी एकदा त्यावर हरकत घेतली, तर आप्पांनी मास्तरांच्या पेल्यात थोडा जास्त ओतला. त्यानंतर विज्ञानाच्या बाजूनं कुणी बोललं नाही.

पण पेला हातात मिळण्याआधी एक विधी होता. आप्पा ओट्याच्या कडेला उभे राहायचे आणि म्हणायचे, "आधी गोळी दाखवा."

प्रत्येकानं सकाळची डॉक्टरची गोळी तळहातावर घेऊन दाखवायची. मग जिभेवर ठेवायची, पाण्याबरोबर गिळायची, आणि तोंड उघडून दाखवायचं. आप्पा वाकून आत बघायचे. माजी चेअरमन, ज्यांच्यापुढं एके काळी अख्खी सोसायटी तोंड उघडत नव्हती, ते सकाळी सकाळी डोळे मिटून आऽ करून बसलेले मी पाहिले आहेत. रस झाला की आप्पा प्रत्येकाच्या हातात चतकोर भाकरी द्यायचे. ती त्यांच्यासमोर खायची, मगच उठायचं. नाहीतर "वाटंत पडचाल आन् नाव माझ्या कारल्याचं घ्याल."

"आप्पा, एवढं कारलं पितो, मग गोळी कशाला?" बबनरावानं एकदा विचारलं.

"गोळी डॉक्टरची, कारलं माझं. माझं प्यायचं तर त्याची आधी."

"म्हणजे कारल्यानं शुगर जात नाही?"

"कारल्यानं तोंड वाकडं व्हतं. तोंड वाकडं झालं का मानूस दोन घास कमी खातो. तेवढाच गुन."

कारल्याची इतकी वाईट जाहिरात करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तरी आम्ही जायचो, कारण आप्पाही आमच्याबरोबर प्यायचे. सगळ्यांचे पेले भरेपर्यंत थांबायचे, मग आपला उचलायचे. "कडू एकट्यानं पिऊ न्हाई," असं म्हणायचे आणि एका दमात पेला रिकामा करायचे. आमची तोंडं व्हायची ती व्हायची, त्यांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलायची नाही.

"तुमची गोळी, आप्पा?" मास्तरांनी विचारलं होतं.

"माझी झाली मघाशीच."

हंगामात बबनरावाच्या गुऱ्हाळावरून वारा आला की ओटाभर गुळाचा वास पसरायचा. पोटात कडू आणि नाकात गोड, अशी आमची फजिती. बबनराव दर हंगामाला पहिला गरम गूळ पानावर घेऊन आप्पांकडं यायचा, जुनी रीत म्हणून. आप्पा हात जोडायचे. "चालत न्हाई बाबा. शुगर हाय." मग तो गूळ गायीला जायचा. गाय खात असताना आप्पा तिच्या पाठीवर हात ठेवून दुसरीकडं बघत उभे राहायचे.

इथवर सगळं ठीक होतं. मग मी अक्कल वापरली.

माझे रिपोर्ट सुधारले. गोळी, भाकरी, रोजचं तेवढं चालणं, तोंड वाकडं झाल्यामुळं सुटलेली बिस्किटं, या सगळ्यांचा तो गुण असावा. पण मी सगळं श्रेय कारल्याला देऊन टाकलं. जे काम भाजी करते त्याला गोळी कशाला? मी गोळ्या बंद केल्या. घरी सांगितलं, आप्पांकडं घेतो. आणि आप्पांकडं दाखवायला? आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात पांढऱ्या, गोल, चपट्या पेपरमिंटच्या गोळ्या मिळतात. आकार अगदी हुबेहूब.

म्हणजे शुगरची गोळी बंद, साखरेची गोळी सुरू, आणि वरून कारलं. इतकं मुद्देसूद गाढवपण मला नोकरीतसुद्धा जमलं नव्हतं. शिवाय कारल्याआधी तोंड गार व्हायचं ते वेगळंच. मी स्वतःवर खूश होतो.

एका सकाळी मी आऽ केलं, आप्पा वाकले आणि तसेच थांबले. मग त्यांनी हुंगलं.

ओट्यावरचे भरलेले पेले एक एक करून वेलाच्या बुडाशी ओतले आणि पालथे घातले. "आज रस न्हाई," म्हणाले. मास्तर, चेअरमन, बबनराव एकमेकांकडं बघत उठून गेले. मी दोन-तीन विनोद तयार ठेवले होते. ते तसेच राहिले.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"झाले थोडे दिवस."

"का?"

"कारल्यावर भागतंय असं वाटलं."

आप्पा ओट्यावर बसले. इतक्या दिवसांत मी त्यांना कट्ट्याच्या वेळेला बसलेलं पाहिलं नव्हतं.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "मला शुगर न्हाई. कवाच नव्हती."

मला वाटलं, माझ्यावर चिडून काहीतरी बोलतायत. पण ते मांडवाकडं बघत सांगत राहिले. अक्काला शुगर निघाली तेव्हा डॉक्टरनं गोळ्या दिल्या, कुणी कारलं सांगितलं. अक्का नवऱ्याला साखरेचा चहा द्यायची, सणाला पोळ्या करायची, आणि आपला कारल्याचा पेला घेऊन चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून बसायची. "पाठमोरी बसायची बगा. मला तिचं तोंड दिसू ने म्हनून. मी म्हनायचो, मलाबी बिनसाखरेचा दे. तर म्हनायची, तुम्हाला काय धाड भरलीय? धडधाकट मानसाला बिनसाखरेचा देनाऱ्या बाईला लोक काय म्हनतील?"

"मग?"

"मग एक दिस शिरूरवरनं आलो आन् सांगितलं, मलाबी निघाली."

त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखं झालं. "खूश झाली हो. नवऱ्याला रोग झाला म्हनून खूश झालेली बाई मी तवाच बगितली. त्या दिसापासनं दोन पेलं. हितंच, ह्या वट्यावर. तिचं तोंड वाकडं झालं का मी हसायचो, आन् माझं व्हायचं तवा ती. पुढं पुढं माझं व्हायचंच बंद झालं. लई चांगलं दिस गेलं."

पण अक्का गोळी घ्यायची, आप्पा घेत नव्हते. नसलेल्या रोगाची गोळी कोण घेणार? अक्कानं विचारलं, तर आप्पांच्या तोंडून गेलं, "माझी नुसत्या कारल्यावर आटोक्यात हाय." बोलून विसरले. अक्का विसरली नाही. नवरा समोर ठणठणीत, रानात राबतोय, गोळी नाही की काही नाही. तिनं मनाशी हिशेब मांडला. एकाच वेलाचं कारलं, एकाच फडक्यातला रस. यांचं भागतं तर माझं का नाही?

पायाला काटा लागल्याचं निमित्त झालं. तो पाय मग बरा झालाच नाही.

"गोळ्या मला मागनं घावल्या," आप्पा म्हणाले. "बियांच्या डब्यात. कारल्याच्या बियांत टाकून ठिवल्या व्हत्या."

समोरच्या उसातून वारा गेला. मी विचारलं, "लताला माहीत आहे?" लता म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणारी.

"काय सांगू तिला? तुझी आई माझ्या एका शब्दानं गेली म्हनून?" ते उठले. "उद्या खरी गोळी आना."

दुसऱ्या दिवसापासून माझी गोळी बघायच्या आधी ते हुंगायचे. फक्त माझी. बबनरावाला वाटायचं, माझी गोळी काहीतरी भारीतली आहे.

पुढं आप्पांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. लता येऊन त्यांना दौंडला घेऊन गेली. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात, तसं तपासलं. लताचा मला फोन आला. पोरीचा आवाज आनंदानं फुटत होता. "काका, आप्पांची शुगर एकदम नॉर्मल. डॉक्टरसुद्धा चाट पडले. सगळं कारल्यानं केलं बघा. मी अख्ख्या कॉलनीला सांगितलंय."

मी म्हणालो, "वा." दुसरं काय म्हणणार?

चार दिवसांनी केडगावहून गाडी धरून मी त्यांना बघायला गेलो. बरोबर वाकड्या कारल्यांची पिशवी, आणि रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून, माझ्या नेहमीच्या बुद्धीला अनुसरून, पेढे. लतानं पेढे बघितले, मला बघितलं, आणि पुडा फळीवर ठेवून दिला.

आप्पा खाटेवर बसले होते. एका डोळ्यावर पट्टी. खिडकीच्या गजांना एक मरतुकडा वेल सुतळीनं बांधलेला. समोर खुर्चीवर शेजारच्या बाई बसल्या होत्या, हातात कारल्याच्या रसाचा पेला घेऊन. मला बघून उत्साहानं म्हणाल्या, "तुम्हीच ते गावाकडचे का? मी तर आप्पांचं बघून गोळ्या बंदच केल्या. आता आप्पांसारखं नुसतं कारलं."

आप्पांनी मान वर केली. "काय म्हनलात ताई?"

बाईंनी पुन्हा सांगितलं, आणखी कौतुकानं.

आप्पांनी उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. स्वयंपाकघराच्या दारातून लताची पाठ दिसत होती, ती पोळ्या लाटत होती. मला कळत होतं की आता काहीतरी बोलायला हवं, आणि मी कारल्यानं गॅसेस होतात असलं काहीतरी बोललो. कुणी लक्ष दिलं नाही.

"ताई," आप्पा म्हणाले, "पेला खाली ठिवा. माझी शुगर बरी झाली न्हाई. मला ती नव्हतीच."

लाटणं थांबलं.

"आप्पा, काहीतरीच काय," लता दारात आली. हाताला पीठ. "आईबरोबर तुम्हीपण पीत होता की. इतकी वर्षं गोड खाल्लं नाही तुम्ही."

"तिला एकटीला कडू प्यायला लागू ने म्हनून पेत व्हतो. मला कवाच नव्हती."

लता तिथंच उभी राहिली. पोरगी आईसारखी हुशार. तिला जोडायला वेळ लागला नाही. "आई फोनवर म्हणायची," ती हळू बोलली. "आप्पा गोळीशिवाय बरे राहतात, मग मलाच कशाला. मी म्हणायचे, आई, तू घेत जा. ती म्हणायची, त्यांचं बघ."

"व्हय," आप्पा म्हणाले.

शेजारच्या बाईंनी पेला आवाज न करता टेबलावर ठेवला आणि चप्पल पायात घालून गेल्या. त्यांनी त्याच दिवशी गोळी सुरू केली, असं मला पुढं कळलं. लता आत गेली. लाटणं पुन्हा सुरू झालं, पण पोळी तव्यावर पडल्याचा वास काही आला नाही.

आप्पांनी पायानं खाटेखालच्या वहाणा चाचपल्या. "भाऊसाहेब, केडगावला गाडी कवा हाय?"

लतानं अडवलं नाही. डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली माझ्या हातात दिली, कधी घालायचे ते माझ्याकडं बघून नीट सांगितलं. आप्पांकडं बघितलं नाही. गाडीत आप्पा पट्टीच्या बाजूला खिडकी घेऊन बसले, म्हणजे बाहेरचं त्यांना काहीच दिसत नव्हतं. मी दुसरी बाजू देऊ केली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या."

गावात बातमी आमच्या आधी पोहोचली होती. पहिल्यांदा चेअरमन यायचे बंद झाले. "ह्याला शुगरच नव्हती, तर ह्याच्या रसाचा काय भरवसा?" मास्तरांच्या सुनेनं त्यांना कुरियरनं कारल्याच्या कॅप्सूल मागवून दिल्या, कडू लागत नाहीत म्हणून मास्तर खूश होते. बबनराव हंगाम सुरू होईपर्यंत आला, मग काहिलीतून सवड मिळेना. आप्पांनी कुणाला बोलावलं नाही. इतकी वर्षं खोट्यावर भरलेला कट्टा खऱ्यावर उठला, आणि सकाळी ओट्यावर आप्पा आणि मी, दोघेच उरलो. मग मीही निवृत्त होऊन केडगावला बिऱ्हाड केलं. रोजचं जाणं आठवड्यावर आलं, आणि पुढं जमेल तसं.

गेल्या हंगामात दौंडच्या बाजारात लता भेटली. मी ओळख दाखवावी की नाही या विचारात असतानाच ती समोर येऊन उभी राहिली. "काका, वडगावला कधी जाणार?"

"उद्याच," मी म्हणालो. खरं म्हणजे ठरलं नव्हतं.

संध्याकाळी स्टेशनवर तिनं डबा आणून दिला. कडा अजून गरम होत्या. "पुरणपोळ्या आहेत. त्यांना म्हणावं, आता खा."

सकाळी आप्पांनी डबा हातात घेतला, झाकण न काढता वास घेतला. "काय म्हनली?"

"आता खा म्हणाली."

"कसं म्हनली?"

जन्मभर मी लोकांच्या नकला करून हसवत आलो. आमच्या साहेबांची, चेअरमनची, आमच्या डॉक्टरची. पण ते दोन शब्द लता कशी बोलली होती ते मला करून दाखवता येईना. रागानं म्हणावं तर डबा गरम होता. मायेनं म्हणावं तर आवाज तसा नव्हता.

"नुसतं म्हणाली," मी म्हणालो.

त्यांनी डबा ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला आणि पाटा धुवायला घेतला. दोन पेले भरले. मी तळहात पुढं केला. त्यांनी गोळी हुंगली, मी गिळली, आऽ केलं. मग त्यांनी आपला पेला उचलला.

"आप्पा," मी म्हणालो, "आता सगळ्यांना कळलंय. तुम्हाला काय गरज प्यायची?"

"आन् तुम्हाला एकट्याला पाजू व्हय?" ते म्हणाले, आणि एका दमात पेला रिकामा केला. मग भाकरीचा चतकोर माझ्या हातात दिला.

जाताना मांडवापुढच्या वळणावर गाडी थांबवून मी मागं बघितलं. मांडवाला बियांसाठी राखलेली कारली पिकून केशरी झाली होती, काही बुडातून उकलली होती. पिकलेल्या कारल्याच्या बीवर लाल गर असतो, तो गोड लागतो. आम्ही लहानपणी चोखायचो. आप्पा त्या ठेंगण्या मांडवाखाली वाकून उभे होते. एक उकललेलं कारलं त्यांनी तोडलं, त्यातली लाल बी बोटानं काढून तोंडात घातली, आणि तोंड भिंतीकडं केलं. माझ्याकडं पाठ होती. बऱ्याच वेळानं त्यांनी बी तळहातावर काढली, पंच्याला पुसली आणि खिशात टाकली. मग दुसरी घेतली.

डबा ओट्यावर तसाच होता, झाकण लावलेला.